समोर येऊन बोलायचं

दिंडोरी, मंगळवार

आये,

पाया पडतो. मी बरा हाय, दोन टाइम पोटभर जेवतो. फोनवर तुझं बोलणं मला नीट कळत नाय, म्हणून लिहितो. सविताला सांग, दादाचं पत्र हळू वाच.

पाठीवर आता नुसता वळ राहिलाय. मी द्राक्षाची छाटणी करत होतो. शेजारच्या ओळीत फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता आणि मुकादम मागून ओरडत होता. आवाज आला, पण शब्द कळले नाय. त्यानं पाठीत बांबू घातला. घाबरू नको, मी हातातली कात्री आधी खाली टाकली, मगच त्याचं तोंड फोडलं. दोन दात मातीत पडले. छाटणीला माणसं मिळत नाय, म्हणून मालकानं मला काढलं नाय.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान चांगले हायत, पण गोंगाटात ऐकलेलं डोक्यात उलगडत नाय. हाक कळत नाय, तो माज नाय. आता मुकादम समोर येऊन बोलतो. लांब असलो तर जोडीदार रावजी वेलीची तार दोनदा हलवतो, मी वर बघतो.

नागली कापून झाली का? शेळी व्याली का?

सविता पण हाकेला ओ देत नाय, म्हणून बा तिला चुलीतलं लाकूड घेऊन मारतो ना? मला मारायचा तसंच. रविवारी मी येतोय, तिला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला.

सविता, पुढची ओळ बाच्या समोर उभी राहून वाच.

मुकादमानं पण मला एकदाच मारलं होतं.

तुमचा,
अमित