साखरेच्या बाटल्यांचा कारखाना सूनबाईच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा सिनेमासाठी फुटणाऱ्या वस्तू बनवणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर सकाळचा चहा पिऊन, खिडकीशी बसून, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा मुद्दा मुलगा काढणारच, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलाला. दुखण्याखुपण्यात त्याने मला कधी एकटे सोडले नाही, हे विसरणार नाही.

२. मागचा कारखाना, म्हणजे दोन शेगड्या, जाड बुडाची पातेली, बाटल्यांचे रबरी साचे आणि पाय आतून अर्धवट कापलेल्या खुर्च्या, हे सर्व सूनबाईला. मुलगा म्हणतो, "बाबा, साखर वितळवण्यात जन्म गेला तुमचा. ती खोली भाड्याने देऊन टाकू." देऊ नये. खिशात काही नसताना सिनेमा काढायला निघालेल्या पोरांना खरी दिसणारी आणि न लागणारी बाटली कोणीतरी स्वस्तात द्यायला हवी.

सूनबाईलाच का, ते लिहितो. पाक काचेसारखा कडक व्हायला किती आटवायचा, यासाठी मी घड्याळ कधी पाहिले नाही. उकळी फुटली की शाळेतली नदीची कविता सावकाश म्हणायची. पाचवे कडवे संपले की पातेले उतरवायचे. गुरुजींनी ती वर्गात म्हटली तेव्हा बाहेरचे कोरडे मैदानसुद्धा मला ओले दिसले होते. त्या माणसाने मला धंदा दिला आणि त्याला ते कळलेही नाही.

गेल्या वर्षी मधले कडवे माझ्याकडून गळले. पाक कच्चा उतरला, बाटली चिवट झाली आणि मारामारीच्या प्रसंगात फुटलीच नाही. पुढच्या खेपेला मी पुन्हा तिथेच अडकलो. दारात भाजी निवडत बसलेल्या सूनबाईने मान वर न करता ते कडवे म्हणून टाकले.

"तुला तर कविता आवडत नाहीत!"

"नाहीच आवडत. पण अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय, बाबा. करणार काय?"

३. ज्या दिग्दर्शकाने श्रेयनामावलीत मला 'चहा' या सदराखाली घातले, त्याला माझी एक खुर्ची द्यावी. बसण्याआधी सांगायचे की नाही, ते सूनबाईने ठरवावे.

४. सुरुवातीची कित्येक वर्षे घरातली साखर बाटल्यांत गेली आणि माझी बायको बिनसाखरेचा चहा प्यायली. तिचा फोटो शेगडीसमोरून हलवू नये.

५. धडपड्या, म्हणजे तीस वर्षे माझ्या बाटल्या डोक्यावर फोडून घेणारा मारामारीवाला. ती चिवट बाटलीही त्यालाच बसली. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ घेऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाटली चांगलीय साहेब, माझंच डोकं मऊ निघालं." माझे काम त्यामुळे टिकले.

त्याला मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्ष त्याचीच हवी. उद्या मुलाने विचारले, "काका, बाबांना विसर पडत होता ना?", तर काय सांगशील, असे मी त्याला आत्ताच विचारले.

"सांगेन, कडवं विसरले होते, माणसं नाही. कुठे करू सही?"

सही: बाटलीवाला
साक्षीदार: १. धडपड्या २. घरचे डॉक्टर
ठिकाण: कारखान्याची खिडकी
दिनांक: १९ जून