आर्डिसबाईंच्या टेबलावरचा गुलाब

प्रिय सिग्नी,

फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणतेस आणि गाईंचं बघायचंय म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. हे पत्र रविवारच्या आत तुला मिळायला हवं. वेसला दाखवलंस तरी चालेल, नवऱ्यापासून काय लपवायचं. आईला नको.

इथे राजधानीत अधिवेशन ऐन भरात आहे. खिडकीतून गोठलेली नदी दिसते आणि मला वाटतं, माझंही काहीसं तसंच झालंय. कामाचा कंटाळा नाही. घरातली पहिली पदवीधर विधानभवनात काम करते, हे आई दुकानात अनोळखी माणसांनाही सांगते म्हणे. तू गोठ्यात राहिलीस म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले, हे ती सांगत नाही. ते मी सांगते.

यंदा सगळी चर्चा वॉशिंग्टनच्या विधेयकाची. गर्भपाताची सोय सगळ्या राज्यांत करायची, आपल्यासारख्या बंदी असलेल्या राज्यांतही, आणि खर्चाला केंद्राचा निधी द्यायचा. आमच्या आमदारांनी त्याविरुद्ध ठराव आणलाय. अशा ठरावानं कायदा अडत नाही, फक्त आमचा विरोध तिकडे पोचतो. ठराव मांडणाऱ्या आपल्या गावच्या आर्डिसबाई आणि त्यांची मदतनीस मी, त्यामुळे मसुदा माझ्याकडेच आला. म्हातारे आमदार ऑरव्हिल तो वाचून म्हणाले, “कॉलेजात शिकलेल्या पोरीला नाही म्हणायला दोन पानं लागतात होय?” बाई हसून म्हणाल्या, “तुम्हाला तर हो म्हणायलाही धाप लागते, ऑरव्हिल.” सगळे हसले. मीही हसले. हल्ली हसतानाही दमछाक होते.

बाईंवर रागावू नकोस. बाबा दवाखान्यात होते तेव्हा आपल्या गाईंना चारा कुणी घातला, हे आपण विसरलेलो नाही. आणि गेल्या जानेवारीत चर्चमध्ये वेदीवर तुझ्या बाळासाठी पांढरा गुलाब ठेवला तोही त्यांनीच. दरवर्षी जानेवारीतल्या त्या एका रविवारी, ज्या घरचं बाळ गेलं त्या घरासाठी एकेक गुलाब. गावाला आपण ‘बाळ गेलं’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं. हद्दीपलीकडे मिनेसोटात, जिथे बंदी नाही, तिथल्या डॉक्टरांनी काय केलं आणि इथल्यांना काय करता आलं नसतं, हे आपल्या तिघांपलीकडे कुणाला सांगायचं कारण नव्हतं. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती, हे मी आजही मोठ्यानं म्हणू शकत नाही. तू तर त्या दिवशी गाडीत रेडिओ लाव म्हणालीस आणि बाजारभाव ऐकत राहिलीस.

मंगळवारी बाई पाण्याच्या ग्लासात एक पांढरा गुलाब घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. इथली रीत आहे, कुणाच्या आठवणीत बोलायचं असलं की आमदार आपल्या टेबलावर फूल ठेवतात. म्हणाल्या, “भाषणात आपल्या सिग्नीच्या बाळाबद्दल दोन शब्द बोलते. नाव नाही घेणार. फार सोसलं गं पोरीनं. विचारशील तिला?”

मी म्हटलं, “नको, बाई.”

“अगं, विचारून तर बघ.”

“नको. तो गुलाब सभागृहात नको.”

एवढंच बोलले, सिग्नी. शपथ. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या नकाशात मिनेसोटाच्या हद्दीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, “एवढ्या थंडीत गाडी कुणी चालवली?”

“मी.”

“रस्त्यावर बर्फ होता त्या आठवड्यात,” त्या म्हणाल्या, आणि ग्लास उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या.

भाषणात बाळाचा उल्लेख नव्हता. मत मात्र त्यांनी ठरावाच्या बाजूनंच दिलं, नेहमीसारखं खणखणीत आवाजात. ठराव सहज मंजूर झाला. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “माझं मत तेच आहे, मारिट.” मी म्हटलं, “मला माहीत आहे.” त्यांनी हात तसाच ठेवला. मलाही तो काढावासा वाटला नाही. सकाळी राजीनामा देईन म्हणून उठते आणि दुपारी त्यांच्यासाठी कॉफी घेऊन जाते. माणूस चांगलं असून असं मत देतं, तेव्हा कुणाशी भांडायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

हे सगळं आत्ता कळवायचं कारण एवढंच, की रविवारी चर्चमध्ये पुन्हा ते गुलाब आहेत. बाई येणार आहेत, आणि त्यांना कळलंय. त्या गावात कुठे बोलणार नाहीत, एवढी मी त्यांना ओळखते. पण त्या तुझ्यापाशी येतील, आणि ते तुला आधी ठाऊक असावं. यायचं नसेल तर येऊ नकोस, वासराचं काहीतरी निमित्त मी आईला सांगेन. आलीस, आणि त्यांनी काही न बोलता तुझा हात धरला, तर तो सोडवून घ्यायचा की राहू द्यायचा, हे तुझं तू ठरव. मी शनिवारी घरी येतेय. तुझ्या दुसऱ्या बाजूला उभी असेन.

तुझीच,
मारिट