कागदावरचा सज्जन

डीमन,
७ फेब्रुवारी २०२१

प्रिय ताई,

नमस्कार. भावजींचा खोकला गेला का? मी बरा आहे, म्हणजे आहे. आज इथे बर्फाचं वादळ सुटलंय. ट्राम बंद, आगगाड्या बंद. तशा चालू असत्या तरी मी जाणार कुठे? रात्री नऊनंतर संचारबंदी, घरी पाहुणा दिवसाला एकच, आणि तोही येत नाही. एका खोलीत दहा महिने ऑफिस करतोय, जेवतोय आणि भिंतींशी भांडतोय.

काल भांडायला माणसं मिळाली. शनिवारी दुपारी आम्ही ऑनलाइन फाशांचा खेळ खेळतो, तुला सांगितलं होतं. संहिता नावाची मैत्रीण गोष्ट चालवते, आम्ही बाकीचे एकेक पात्र घेतो, आणि आपलं पात्र काय करेल ते आपण सांगायचं. पात्राच्या कागदावर त्याची वृत्ती आधीच लिहायची असते: सज्जन की दुर्जन, नियम पाळणारा की मोडणारा. त्याला अलाइनमेंट म्हणतात. माझा सरदार ‘सज्जन, नियम पाळणारा’. तू हसशील, पण मला दुसरं काही सुचतच नाही.

काल गोष्टीत साथ आलेलं गाव होतं. वेशी बंद. एक म्हातारा नावाडी म्हणाला, मला पलीकडे लेकीकडे पोचवा. मी म्हटलं, हुकूम आहे, जाता येणार नाही. संहिता म्हणाली, “अंबरीश, परवाना तुझ्याच झोळीत आहे. मागच्या आठवड्यात मी दिलाय.” मी म्हटलं, असू दे, दुसऱ्या कोणाला जास्त गरज लागेल.

“मग कागदावरचं ‘सज्जन’ खोड,” ती म्हणाली.

ताई, मी तासभर भांडलो. असल्या लेबलांचा उपयोग काय, माणूस काय चौकटीत मावतो का, मुळात हा प्रकारच काढून टाका. पार अक्कल पाजळली. शेवटी आमच्यातला हार्लेमचा रुचिर वैतागला. “अरे, ते तुला मार्क द्यायला नाहीये. तू कसा वागशील हे धरून आम्ही बाकीचे बेत आखतो. तू आहेस म्हणून तर आम्ही त्या म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं, थांब, सरदार येतोय.”

मी कॅमेरा बंद केला. परत लावला नाही.

आता आठ महिने टाळलेलं लिहितो. गेल्या मेच्या एकोणतीस तारखेला मला दूतावासातून फोन आला होता. भारतात जाणाऱ्या खास विमानात एक सीट रिकामी झाली होती, दोन तासांत कळवा म्हणाले. मी कळवलं, दुसऱ्या कोणाला जास्त गरज असेल, त्यांना द्या. आणि तुला फोन करून सांगितलं, वेटिंग काही क्लिअर झालं नाही गं.

इथे राहायचं परमिट नूतनीकरणाला गेलं होतं, आलो असतो तर तिकडेच अडकलो असतो, नोकरी गेली असती. हे खरं आहे, पण अर्धंच. मला भीती वाटली. विमानाची, आजाराची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे झटक्यानंतरचे बाबा बघायची. नाकात नळी, वाकडं तोंड. तू रोज बघत होतीस. मी घाबरट आहे, ताई.

बारा जूनला बाबा गेले. त्या सकाळी त्यांनी खुणेने माझं विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, “विमानच नाहीये बाबा, असतं तर तो कधीच आला असता.” हे तूच मला रडत सांगितलंस, आणि मी मुकाट ऐकून घेतलं. बाबांशी तू जन्मात खोटं बोलली नव्हतीस. ते एक बोललीस, तेही नकळत, माझ्या भरवशावर.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच “जाऊ दे रे” म्हणाली असतीस. तेच मला नको होतं. म्हणून कागद घेतला. उद्या बर्फातून चालत जाऊन पोस्टात टाकतो.

वासुदेवकाकांचा मेसेज आलाय, वर्षश्राद्धाला मुलानेच बसावं, येण्याची तारीख कळव. मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. अग्नी तू दिलास. तूच बस, आणि काकांना का ते सांगायचं असेल तर हे पत्र दाखव. मला बोलवायचं की नाही ते सगळं वाचून झाल्यावर ठरव. घाईने ठरवू नकोस.

दर वेळी खाली ‘तुझा लाडका’ लिहितो. आज नुसतं नाव लिहितो.

अंबरीश