बोर्डावरचा लाल ठिपका

वडगाव, बेळगाव
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. शामूकाकांना अंजनीचा नमस्कार.

दिवाळीत मी निपाणीला आले तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "अंजे, खरं सांग, माझा हात गेला काय गं?" त्याचं उत्तर द्यायला नंतर तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

काकूच्या गुडघ्याला आता उतार असेल. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते, तरी सकाळी उठताना आदल्या दिवसाचा शीण अंगात तसाच असतो. मनुबाईंनी त्यांच्या घराची वरची खोली अजून माझ्याकडे भाड्यानं ठेवलीय, हा त्यांचा चांगुलपणा.

तुम्ही दुकान बंद केलंत आणि भावकूमामांच्या शेतात जाता, असं आई म्हणाली. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, पंपाचे स्टार्टर, तीस वर्षं ज्या टेबलावर उघडले ते टेबल आता अंधारात आहे. माझी डिग्री लॅमिनेट करून तुम्ही त्या टेबलाच्या वर भिंतीला टांगली होती. गिऱ्हाइकाला सांगायचात, "आमच्या घरात पयली डिग्री हाय ही. मी नुसता सोल्डरचा डाग लावतो, ती शिकून लावणार." ती अजून तिथंच आहे का?

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या मे महिन्यात मनुबाईंच्या मागावरचा कंट्रोल बॉक्स बंद पडला. पेनड्राइव्ह लावला की साडीच्या काठाची नक्षी वाचून माग चालवणारा तो डबा. ऐन लग्नसराई. मी नोकरीला होते त्या मच्छेच्या सर्व्हिस सेंटरनं तीन आठवडे सांगितले. मीच मनुबाईंना म्हटलं, "माझ्या काकांकडं देते." एसटीत मांडीवर घेऊन आले तो डबा. तुम्ही सील फोडलंत, एक जळलेला आयसी बदललात आणि शेवटी काकूच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका त्या जागेवर ठेवलात. मी आठवीत असताना तुम्ही सांगितलं होतं, "आपण हात लावला ते लपवायचं न्हाय. मागनं येणाऱ्याला कळाय पायजे, हितं कोणतरी येऊन गेलंय."

मनुबाई गल्लीभर सांगत होत्या, "कंपनी तीन आठवडं म्हणतीया, ह्यांच्या काकानं च्या थंड व्हायच्या आत केलं की!"

ऑक्टोबरात तो पुन्हा बंद पडला. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून मनुबाई तो आमच्या सेंटरला घेऊन आल्या. तपासणीत सील तुटलेलं दिसलं, आत लाल ठिपका दिसला, आणि "बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे बोर्ड निकामी" असा अहवाल लिहिला गेला. वॉरंटी रद्द.

"लिहिला गेला" असं वर लिहिलंय. परत वाचताना माझीच मला लाज वाटली. काका, तो अहवाल मी लिहिला. डबा माझ्याच टेबलावर आला होता.

तुमच्या डागाला काही झालं नव्हतं. भिंगाखाली पाहिलं, मीटर लावून पाहिलं. कंपनीचाच एक कपॅसिटर फुगला होता, बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी साहेबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "सील तुटलंय न्हवं? मग मुगीतु, संपलं. मॅडम, पुढचा डबा घ्या." मला पर्मनंट व्हायला दोन महिने होते. सील कुणाच्या सांगण्यावरून फुटलं, हे त्यांनी विचारलं असतं तर माझंच नाव आलं असतं. मी पुढचा डबा घेतला.

कॉलेजात दुरुस्तीच्या हक्कावर मी भाषण केलं होतं, आठवतंय? विकत घेतलेली वस्तू उघडायचा हक्क घेणाऱ्याचा, सुटे भाग आणि माहिती सगळ्यांना मिळाली पाहिजे. तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. ते सगळं मला अजून खरं वाटतं. फक्त ते बोलायला तेव्हा माझ्यासमोर साहेब नव्हते.

त्या संध्याकाळी मनुबाईंनी तुम्हाला फोन केला. "शामूअण्णा, तुमचा हात लागला आणि माझा माग बसला बघा." स्पीकर चालू होता. तुम्ही म्हणालात, "चुकलं असंल, बाई. वय झालं आता." मी तिथंच उभी होते. हातात त्यांनीच दिलेला चहाचा कप होता. मी तो संपवला.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही शटर ओढलंत. दिवाळीत तो प्रश्न विचारलात तेव्हा तुम्ही हात पुढं धरून बोटं बघत होतात. उत्तर मला ठाऊक होतं, काका.

एक तारखेला मी पर्मनंट झाले. साहेबांनी पेढे दिले. नंतरचे दहा दिवस मी रोज मनुबाईंच्या बंद मागाशेजारून जिना चढले. अकराव्या दिवशी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या दुसऱ्यांच्या मागाच्या कांड्या भरत राहिल्या. दोरा तुटला, तो जोडला, मग म्हणाल्या, "डिग्रीवाली म्हणून तुझ्यावर इश्वास ठेवला गं. त्या माणसाला मी फोनवर काय बोलले! आता तूच सांगायचं त्येस्नी."

तिथंच, त्यांच्या समोर, मी डबा उघडला. कपॅसिटर बदलला. माग सुरू झाला तेव्हा मनुबाई हसल्या नाहीत, मीही नाही. आता हे लिहिताना खालून त्याचा आवाज येतोय, सात दिवस झाले.

तुमच्या ठिपक्याच्या बरोबर समोर, दुसऱ्या टोकाला, मी माझा ठिपका ठेवला.

सोमवारी सकाळी सेंटरला दुसरा अहवाल दिला. त्यात लिहिलंय की पहिला अहवाल चुकीचा होता, तो मी जाणूनबुजून लिहिला, सील माझ्या सांगण्यावरून फुटलं, आणि निपाणीच्या श्यामराव काकांची दुरुस्ती निर्दोष होती, आजही आहे. साहेबांनी पोच दिली आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. एक प्रत मनुबाईंना दिली, त्यांना वाटलं तर ग्राहक आयोगात जातील. एक प्रत सोबत पाठवतेय. ती भिंगाखाली वाचा, सवयीनं.

माफी मागत नाही. तेवढी हिंमत अजून जमलेली नाही.

खाली सहीशेजारी लाल ठिपका दिसेल. मागनं येणाऱ्याला कळाय पायजे.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
अंजनी