कर्दळीची पिलं

जळगाव
६ जून २०२५

ती. अक्कास, अमृतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारी धावत येतात, तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी चांगली नाही. सुलक्षणाचा डावा डोळा गेला. साखरेमुळे पडद्यावर रक्त उतरलं, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या डोळ्याला जवळचं आणि ठळक रंगाचं तेवढं दिसतं. तोही दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पण तिचे कान तुझ्यासारखे थोडेच आहेत, तिनं सगळं ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली की जन्म सगळा रावेरकडे केळीच्या बागेत गेला, जिकडे पाहावं तिकडे हिरवंच. आता शहरातल्या या घरापुढे अंगण आहे, तर नजर जायच्या आत दारात फुलं बघू द्या. अक्का, लग्नानंतर तिनं माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच.

मी पडलो केळीवाला. हायवेवरच्या एका नर्सरीत गेलो. हिरव्या जाळीखाली सगळं कसं डोलत होतं. दरवर्षी नव्यानं लावायची कटकट नको म्हणून वर्षानुवर्षं टिकणारी झाडं मागितली आणि त्यातली फुलांनी लगडलेली तेवढी निवडून आणली. जर्बेरा काय, कार्नेशन काय, नावं म्हणतानाच जीभ अडखळते. आपल्या उन्हात आठवडाभरही तगली नाहीत. सुलक्षणाला फुलं दिसण्याऐवजी मी कुंड्या उचलून नेताना दिसलो.

कोणती झाडं घेऊ, कुठल्या नर्सरीत जाऊ, ते सविस्तर लिही. वेळ फार नाही.

कळावे. तुझा आशीर्वाद पाठीशी राहू दे.

तुझा
अमृत


शिंदखेडा
१४ जून २०२५

चि. अमृत यास अनेक आशीर्वाद. सुलक्षणाला म्हणावं, अक्कानं पोटाशी धरलंय.

पत्र वाचलं आणि ओसरीवर तशीच बसून राहिले. चहा निवला तरी उठवेना. त्या पोरीच्या वाट्याला हे का यावं?

आता तुझ्याकडे वळते. अरे शहाण्या, भर फुलातलं झाड कुणी आणतं का? नर्सरीत गेलं की फूल बघायचं नाही, बूड बघायचं. कुंडी आडवी करून मुळं पांढरी आहेत की काळी पडलीत ते बघायचं. जिथली झाडं जाळीखाली लाडात वाढलीत तिथे पाय ठेवू नकोस. उघड्या उन्हातली घे आणि मालकाला सरळ विचार की हे झाड गेल्या वैशाखात इथेच होतं का. परगावाहून गाडीत बसून आलेलं झाड म्हणजे पाहुणा. आपल्याकडचं ऊन लागलं की तो निघाला.

पण तुझ्याकडे वेळ नाही, म्हणून नर्सरीचा नाद तूर्त सोड. माझ्या परसातल्या लाल कर्दळीचे गड्डे काढलेत. शेजारच्या लोटननं पिशवी जळगावच्या एसटीत कंडक्टरकडे दिली आहे, स्टँडवरून घे. लाल रंग मुद्दाम निवडलाय, तिच्या डोळ्याला तोच लवकर गवसेल. निगा कशी राखायची ते मी तुला काय शिकवणार? कर्दळ तुझ्या केळीची चुलत बहीण. केळीला जे करतोस तेच हिला कर, पोळा-गणपतीच्या सुमारास फुलेल.

सुलक्षणाला हे वाचून दाखव, आणि तुझ्या नर्सरीवारीचा भाग दोनदा वाच, तेवढीच ती हसेल.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी
अक्का


जळगाव
२० जुलै २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गड्डे लावले, सगळे उगवले. वाफा असा झालाय की रावेरची माणसं बघायला यावीत. निगा अगदी केळीसारखी चालू आहे, त्यात कुणी खोट काढून दाखवावी. नर्सरीवाल्यांना म्हणावं, या आणि शिका. सुलक्षणा रोज सकाळी पायरीवर बसून पानं चाचपते आणि केव्हा फुलणार म्हणून विचारते. मी गणपतीचा वायदा केलाय.

उजव्या डोळ्यात परवापासून काळे धागे तरंगू लागलेत. नाशिकला ऑपरेशन करून घ्या, असं इथले डॉक्टर म्हणतात. नजर वाढायची नाही, पण आहे ती काही दिवस राहील. पोळा झाला की निघू. चार-सहा दिवसांचं काम आहे. फुलं उमलायला आणि आम्ही परतायला एकच गाठ पडेल असा माझा हिशेब आहे.

लांबूनच हात डोक्यावर ठेव.

अमृत


जळगाव
११ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल नाशिकहून आलो. चार-सहा दिवसांचे तीन आठवडे झाले. ऑपरेशननंतर तिला पालथं झोपून राहायला सांगितलं होतं, त्यात पुन्हा रक्त उतरलं. गणपती तिथेच आले आणि तिथेच गेले.

रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, फुलं कुठे आहेत. अक्का, एकही नव्हतं. वाळके दांडे आणि पावसानं झोडपलेली पानं. समोरच्या वच्छलाबाई, साक्रीकडच्या, एकट्याच राहतात, त्यांनी सांगितलं की आम्ही गेलो आणि सगळी एकदम फुलली, अख्खं अंगण लाल झालं. बठ्ठं आंगन लाल शे, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या म्हणे. आम्ही सोडून सगळ्या गल्लीनं पाहिलं. काल तिला लाल दिसलं असतं. रिक्षावाल्याचा लाल रुमाल तिनं ओळखला होता.

मी वच्छलाबाईंना म्हटलं, एकामागून एक का नाही फुलली? त्यांनी विचारलं, बाजूचे कोंब कुठे गेले? कोंब मी कापले होते. केळीत पिलं ठेवली की घड लहान पडतो, म्हणून विळा घेऊन दर आठवड्याला पिलं कापायची, हे हाताला इतकं बसलंय की विचारही केला नाही. एका गड्ड्याला एकच खोड ठेवलं, जमिनीतून कोंब डोकावला की उडवला. सुलक्षणा पायरीवर बसलेली असायची आणि मी तिच्यासमोरच कापत होतो. तिला वाटायचं मी तण काढतोय.

आता काय करू ते तूच सांग.

तुझा
अमृत


शिंदखेडा
१९ सप्टेंबर २०२५

चि. अमृत यास आशीर्वाद.

हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस.

वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे, एक दांडा फुलून संपेतो शेजारचं पिलू वर येतं, म्हणून तर कर्दळ वर्षभर दारात हसते. तू तिची पुढची सगळी फुलं कापून टाकलीस. आणि मी बया, चुलत बहीण म्हणून लिहून मोकळी झाले. तुला रागवू की स्वतःला, तेच कळत नाही. दोन दिवस देवापुढे बसले, पण मागायला तोंड होईना.

विळा माळ्यावर टाक. वाळके दांडे बुडाशी काप आणि कोंबांना हात लावू नकोस, दिवाळीला पुन्हा फुलेल. पण दिवाळीला तिला दिसेल का, ते खरं लिही. दिसणार नसेल तर रंगाचा हट्ट सोड. मोगरा लाव, निशिगंध लाव. चांगली जुनी मुळं बघून घे. वास तरी तिच्यापर्यंत जाईल.

जेवत जा. आठवण काढणारी म्हातारी इथे बसली आहे.

अक्का


जळगाव
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दिवाळीला कर्दळ फुलली आणि अक्का, तिला दिसली! डॉक्टरांनी दसऱ्यानंतरच हात टेकले होते. पण पाडव्याच्या सकाळी मी तिला धरून अंगणात आणलं, आणि ती म्हणाली, लाल दिसतंय. आता रोज सकाळच्या उजेडात खुर्ची टाकतो. आज एक जास्त उमललंय, असं तीच मला सांगते. शहाण्या डॉक्टरांना काय कळतंय!

मोगऱ्याचं तू लिहिलंस ते मनाला लागलं. वासाची फुलं लावायची म्हणजे तिचे डोळे गेले असं आपणच कबूल करायचं. ते मी करणार नाही. आता येत्या सोमवारी पारोळ्याला जाणार आहे. तिथे उघड्या उन्हात झाडं ठेवणारी एक नर्सरी आहे. पिवळं, जांभळं, पांढरं, सगळे रंग आणतो, आणि या वेळी बूड बघून.

तुझा आनंदातला
अमृत


जळगाव
३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कांना सुलक्षणेचा वाकून नमस्कार.

अक्षर वच्छलाबाईंचं आहे, सांगणं माझं. हे पारोळ्याला गेलेत, म्हणून आज लिहायला जमलं.

अक्का, मला काही दिसत नाही. नाशिकहून आले तेव्हा थोडं दिसत होतं. नवरात्रात तेही गेलं. पाडव्याला यांनी मला अंगणात नेलं. दिसतं का, असं विचारताना यांचा आवाज असा झाला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, लाल दिसतंय. लाल फुललंय हे मला वच्छलाबाईंकडून ठाऊक होतं. हे पायरीवर बसून हसले आणि मग रडले. त्यानंतर खरं सांगायची हिंमत झाली नाही.

कर्दळ पायरीच्या डाव्या हाताला आहे. पानं वाऱ्यावर वाजतात, तिकडे तोंड करते आणि फुलांचं काहीबाही बोलते. यांचा दिवस चांगला जातो, दोन घास जास्त जेवतात. एका झाडाचं, एका रंगाचं खोटं मला निभावतं. पण आज पारोळ्याहून पिवळं, जांभळं, पांढरं येणार. कुठलं कुठे लावलं ते मी विचारू शकणार नाही. एखाद्या सकाळी भिंतीकडे बोट दाखवून पिवळं छान आहे म्हणेन, आणि यांना सगळं कळेल. नाशिकहून आल्यावर कापलेल्या कोंबांच्या जागा हे बोटांनी चाचपत बसायचे, मला आवाजावरून समजायचं. ते पुन्हा नको.

म्हणून तुम्ही यांना लिहा की आता थंडी आली, लागवड बंद करा, आणलेली झाडं वच्छलाबाईंकडे देऊन टाका. तुमचं हे ऐकतील. माझं नाव कुठेही येऊ देऊ नका.

मला धीराचे दोन शब्द लिहावेत असं तुम्हाला वाटेल. लिहू नका, अक्का. माझ्या नावाचं पत्र हेच फोडतात आणि शेजारी बसून वाचून दाखवतात.

तुमची
सुलक्षणा