शेळीचं दूध

१२ नोव्हेंबर १९६१, रविवार

म्हशीचं पारडू मेलं. सकाळी गोठ्यात गेले तर पाय ताठ. आता म्हैस दूध चोरते, आचळाला हात लावू देत नाही. ठमी म्हणाली, "काकू, कातड्यात पेंढा भरून आणतंय." आण म्हटलं. ठमी आमच्या वाडीत कामाला. तिला सगळं येतं, फक्त गप्प बसता येत नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज कुणाशी बोलले नाही. म्हशीशी बोलले ते धरायचं तर धरा.

१५ नोव्हेंबर, बुधवार

ठमीनं पारडू भरून आणलंन. एक डोळा नाही, पोटातून गवत बाहेर. म्हशीनं हुंगलंन, चाटलंन — आणि सोडलीन की धार! मूर्ख जनावर.

मूर्ख म्हणते खरी, पण बराच वेळ तिथंच उभी होते.

१८ नोव्हेंबर, शनिवार

दुर्गा आली. माझी नात. आई तिची बाळंतपणात गेली. बाप, म्हणजे माझा मार्तंड, दुसरी करून मुंबईला मोकळा. मीच वाढवली. आता मुंबईत प्रयोगशाळेत काम करते. पुढलं शिकायला विलायतेला जायचीय. तीन वर्षं! त्याआधी आठ दिवस राहील म्हणाली. राहा म्हटलं, तुला कोण उठवतंय?

१९ नोव्हेंबर, रविवार

दुर्गा गोठ्यात आली. पेंढ्याचं पारडू बघून मला वाटलं हसेल. ती म्हणते, "आजी, हेच तर माझं काम!"

मेंदूच्या तळाशी गाठ असते म्हणे. पारडू हुंगलं की तिथून एक रस निघतो, रक्तातून कासेपर्यंत जातो. तिथल्या पेशींना निरोप मिळाला की त्या आकसतात आणि दूध सुटतं. नऊ मण्यांची माळ असते तो रस. नऊच! दूध बनवायला सांगणारा रस निराळा, सोडायला सांगणारा निराळा. "पण निरोप पेशीच्या आत पोचतो कसा, ते अजून कुणाला कळलेलं नाही. तेच शोधायचंय."

निरोप्याला विचार म्हटलं.

मग म्हणाली, "आमचे सर हसतात. पण पोरकं मूल छातीशी लावलं तर वय झालेल्या बाईलासुद्धा दूध येतं, असं मी ऐकलंय. एक तरी खरी बाई भेटायला हवी गं. तुझ्या ऐकण्यात आहे कुणी?"

"नाही. तू वाढलीस शेळीच्या दुधावर. तुला बायका कशाला हव्यात?"

ठमी शेण भरत होती. तिनं मान वर केलीन. मी डोळे वटारले. मान खाली गेली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

ट्रंक भरताना भांडण. डिंकाचे लाडू नकोत म्हणे, वजन होतं. नको तर नको, म्हशीला घालते म्हटलं.

"आजी, एकदा तरी म्हण ना, जाऊ नको म्हणून!"

"तिकीट काढलंयस ना? मग?"

रडायला लागली. "तुझ्यापेक्षा ती शेळी बरी! मला माया मिळाली असेल तर तिची."

मी चुलीकडे गेले. दूध उतू जात होतं. खरंच जात होतं.

२५ नोव्हेंबर, शनिवार

लिहून टाकते. शेळी भाकड होती.

सून गेली तेव्हा पोर चिमणीएवढी. गाईचं दूध पाजलं की ओकायची. रडणं थांबावं म्हणून कोरड्या छातीला लावली, दुसरं काय होतं माझ्याकडे? ओढत राहायची. आणि एक दिवस पदर ओला! मी चाळिशीची. अंगावर लाल आलवण, डोकं भादरलेलं, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. विधवेला दूध! किहीम गावानं मला जगू दिलं असतं?

पोर अंग धरायला लागली तशा बायका विचारायला लागल्या. ठमीनं आपली शेळी आणून पुढल्या दारी बांधलीन. "इचारतील त्यांना शेली दाखवा काकू." काय कौतुक झालं त्या शेळीचं! शेजारची नीराबाई तर नातवासाठी वाटी घेऊन आली. ठमी म्हणते, "आज लाथा मारतेय." मी मागल्या खोलीत, आतून कडी लावून, पोरीला घेऊन.

गप्प बसता येत नाही त्या ठमीनं एवढं मात्र पोटात ठेवलंन.

दुर्गेला सांगितलं तर मला प्रयोगात घालील. नाही सांगितलं तर शेळीला घेऊन जाईल विलायतेला.

उद्या मुंबईची लाँच.

२६ नोव्हेंबर, रविवार

रेवसच्या धक्क्यावर सोडायला गेले. तिचा एक पाय फळीवर. म्हटलं, "दुर्गे, शेळी भाकड होती. सरांना सांग, बाई आहे. किहीमला."

वळली. मग पाय मागे घेतलान. लाँच गेली. विलायतेची बोट मंगळवारी आहे, लाँच उद्याही असते.

आता समोर वही घेऊन बसलीय. कधी आलं, किती दिवसांनी, दुखायचं का, सगळं विचारतेय. विचार म्हटलं, शास्त्र आहे. पण लिहितेय कसली! सगळा कागद भिजवलान.