गिरणीच्या जागेतली वाट

कल्याण, ता. ४ नोव्हेंबर १८८७
म्यु. कमिटीने नदीकाठची बंद भातगिरणी अखेर ताब्यात घेतली. यंत्र मुंबईवाल्या मालकाने कधीच उचलून नेले. उरले धुराडे, चार भिंती आणि मागचा दगडी धक्का. मला हुकूम : पंधरा दिवसांत जागेचा नवा नकाशा. कशाचा नकाशा, ते कोणी सांगेना. अध्यक्ष अण्णासाहेबांना विचारले, तर म्हणतात, "ओव्हरसियर तुम्ही की आम्ही? आधी काढा. मग काय करायचं ते ठरवू."
धन्य.

७ नोव्हें.
मोजणी. ओहोटीची वेळ साधून गेलो. नदीकडची भिंत एका ठिकाणी फोडलेली आहे. त्या खिंडारातून कोळीवाड्यातल्या बायका बिनदिक्कत धक्क्यावर उतरतात, होड्यांतली मासळी वर आणतात. एक म्हातारी टोपली घेऊन नेमकी माझ्या मोजणीच्या साखळीवर बसली. नाव बायजा. उठ म्हटले तर उठेना.
"काय मोजतोस रं?"
"जागा."
"मंग वाट पन मोज. नायतर इसरशील."
मोजली. बारा फूट. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना नुसता चिखल. काठी घालून पाहिली, पाच फूट गेली तरी तळ नाही. म्हणजे पाण्याला उतरायला टणक जागा एवढीच.

१२ नोव्हें.
पहिला नकाशा : मंडई. मधून बारा फुटांची वाट सोडली. अण्णासाहेब चष्मा वर करून, "ही पांढरी पट्टी काय?" सांगितले.
"कोळणींसाठी एवढी जागा फुकट? खोडा."
खोडली. मग कळले, मंडईच नको. धनजीशेठ लाकडाचे व्यापारी, कमिटीचे सभासद, त्यांना तिथे वखार हवी. हे आधी सांगायला तोंड नव्हते?

१७ नोव्हें.
दुसरा नकाशा : वखार. धक्का शेठजींच्या फाटकाच्या आत. मी वाट कडेने काढली, सहाच फूट. "ओंडके उतरताना कोणी मेलं तर?" म्हणत शेठजी स्वतःच अंगठ्याने पुसायला गेले. शाई ओली. आता नकाशावर नदी शेठजींच्या अंगठ्याएवढी पुढे सरकली आहे. पुन्हा सगळे पहिल्यापासून.

२२ नोव्हें.
वखार रद्द. कलेक्टरसाहेब पुढल्या महिन्यात येणार, म्हणून आता बाग. अण्णासाहेब ठाण्याला गेले होते, टेंभी नाक्याजवळ कोणाच्या तरी बंगल्यात गुलाबांचा गोल वाफा पाहून आले. म्हणून सगळे गोल हवे. इथले पाणी खारट, गुलाब जगायचे नाहीत, म्हटले.
"ते माळी बघेल. तुम्ही गोल काढा."
काढले. सौ. मागून पाहत होती. म्हणाली, "हे काय, पोळपाट?"
मला हसू आले नाही.

२८ नोव्हें.
काय म्हणावे! नकाशा मंजूर नाही, तरी खिंडार बुजवले. साहेब येण्याआधी जागा "नीट दिसावी" म्हणून. मला विचारलेसुद्धा नाही. विटा, चुना, गवंडी, दोन दिवसांत काम पुरे. एवढी तत्परता या कमिटीत मी सहा वर्षांत पाहिली नाही.

३० नोव्हें.
सकाळी ती भिंत पाहायला गेलेलो. पलीकडून आरडाओरडा. वाट बंद, म्हणून बायका बाजूच्या चिखलातून उतरल्या होत्या. बायजाची सून चंद्री कमरेपर्यंत रुतली. सातवा महिना, आणि भरती चढू लागलेली. गिरणीचे एक जुने दार पडले होते. मी आणि दोघे साखळीवाले ते चिखलावर टाकून त्यावर आडवे झालो. बायजा काठावरून ओरडत होती, "हात नको वढू! खांद्याखाली धर, खांद्याखाली!" किती वेळ गेला कळले नाही. पाणी छातीला लागले तेव्हा सुटली.
चंद्री बरी आहे. पोटातल्याचे, सुईण म्हणते, "हलतंय." एवढेच.
घरी सौ.ने मागच्या दारी घागरीवर घागर ओतली. मग म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा वाट काढलेली ना? मग खोडलीत कशाला?"

१ डिसें.
बायकांनी भिंत पाडली. भरदिवसा, पहारी घेऊन. पहिला घाव बायजाचा. मी रस्त्यावर उभा होतो. दुपारी अण्णासाहेबांचा हुकूम : पाडणाऱ्यांची नावे लिहून द्या, फौजदाराकडे पाठवायची आहेत. मी लिहून दिले, "चुना ओला होता. भिंत टिकली नाही."
खोटे नाही. पुरते खरेही नाही.

९ डिसें.
साहेब आले. अण्णासाहेबांनी बागेचा नकाशा पसरायला सांगितला. पसरला. कालच मी त्यात वाट घातली होती, पक्क्या शाईने, बारा फूट, गोलाच्या बरोबर मधून. साहेबांचे बोट तिथेच थांबले. मोडक्या मराठीत, "हा रस्ता कोणाचा?"
अण्णासाहेब : "कोणाचाच नाही, साहेब. चूक आहे."
मी म्हणालो, "कोळीवाड्याचा. चूक नाही."
साहेब म्हणाले, कागद दाखवा. कागद कुठला असणार! मग म्हणाले, जुन्या माणसाची जबानी ठाण्याच्या कचेरीत द्या. तोवर काम बंद.

१० डिसें.
अण्णासाहेबांची चिठ्ठी. नोकरीवरून का काढू नये, आठ दिवसांत लेखी खुलासा. तीनदा लिहायला बसलो. 'सबब' या शब्दापुढे गाडी जात नाही.

१५ डिसें.
बायजाला घेऊन ठाण्याला. कचेरीत दोन तास बाकावर. शेवटी कारकुनाने जबानी लिहून घेतली, वाचून दाखवली : "...गिरणीमालकाचे परवानगीने सदर वाटेने जात असे." बायजाने अंगठ्याला लावलेली शाई लुगड्याला पुसली.
"परवानगी? कुनाची? माजी आजी यायची हितून. गिरनी मागून आली. आमी वाट दिली गिरनीला!"
कारकून : "नमुना असाच असतो, बाई."
"मंग तुजा अंगठा लाव."
मी समजावले. एका शब्दासाठी अडू नकोस, काम तर होईल. तिने माझ्याकडे पाहिले. "तू पन?"
साहेबांच्या हुकुमाशिवाय शब्द बदलणार नाही, कारकून म्हणतो. साहेब दौऱ्यावर. सोमवारी या. सोमवारी! तोवर माझी मुदत संपलेली असेल.
परतीच्या वाटेत चिडलो होतो. कारकुनावर, तिच्यावर, स्वतःवर. तिने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी पुढे केली. घेतली, खिडकीबाहेर पाहत खाल्ली. कल्याणला उतरताना तिनेच विचारले, "सोमवारला गाडी हीच ना?"